फाटक्या कानाचं कुत्रं

परवा टपालाने एक स्मरणिका आली. गुळगुळीत कागद, रंगीत मुखपृष्ठ, पहिल्या दोन पानांवर मान्यवरांच्या शुभेच्छा. आमच्या पेपरच्या जुन्या मालकांच्या नातवंडांनी ती काढली आहे. मधल्या पानावर माझं कुत्रं एका ओळीत पाच वेळा छापलंय. डावीकडे हडकुळं, फाटक्या कानाचं. शेजारी तेच, जरा भरलेलं. मग बोलणारं. मग गळ्यात पट्टा घातलेलं. शेवटी दोन पायांवर उभं राहिलेलं, गोल पोटाचं, दोन्ही कान शाबूत. वर मथळा, 'आपल्या लाडक्या कुत्र्याची उत्क्रांती'. लेखात म्हटलंय की सुरुवातीचं चित्र ओबडधोबड होतं, कारण ते एका स्थानिक कारागिराने केलं होतं, आणि पुढे मालकांच्या देखरेखीखाली कुत्र्याला त्याचं खरं रूप मिळालं.

तो स्थानिक कारागीर मी. माझं नाव त्यांनी दिलेलं नाही. ठीक आहे, मीही इथे कुणाचं नाव देणार नाही. कुत्र्याला नंतर जे नाव चिकटवलं गेलं तेही लिहिणार नाही, कारण ते मी ठेवलेलं नाही आणि मला ते कधी आवडलं नाही.

एवढ्यावर मी स्मरणिका रद्दीत टाकली असती. या वयात संताप करून रक्तदाब वाढवण्याची हौस मला नाही. पण त्या पाच कुत्र्यांखाली एक अख्खी पट्टी छापलीय, 'या मालिकेतील सर्वोत्कृष्ट' म्हणून. चार चौकोन. पहिल्यात एक मोळीवाली बंगल्याच्या फाटकाशी येते. दुसऱ्यात कुत्रं तिच्यावर भुंकतं. तिसऱ्यात ती मोळी टाकून पळते. चौथ्यात बंगल्यातली मुलं टाळ्या वाजवतात आणि कुत्रं एक विनोदी वाक्य बोलतं. ती पट्टी पाहिली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. ती मोळीवाली माझी माय आहे. पट्टी मी काढलेली आहे. लेख लिहिणाऱ्याला यातलं काही ठाऊक नाही, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

कुत्रं खरं होतं, तिथून सुरुवात करतो.

माझा बाप मी पाळण्यात असताना गेला. अमरावतीच्या आमच्या वस्तीत मी आणि माय, दोघंच. कापसाच्या हंगामात ती जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जायची, बाकीचे महिने पोहऱ्याकडच्या रानातून लाकडं आणून गल्लोगल्ली मोळी विकायची. देवाधर्माचं तिला फार नव्हतं, पण एक नेम होता. तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा चतकोर मोडायचा आणि कोनाड्यातल्या टाकांपुढे ठेवायचा. मला कितीही भूक लागलेली असो, आधी तो चतकोर. छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन आलो. आल्यावर तिने ते टाक फडक्यात बांधून नाल्यात सोडले, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पण हाताची सवय गेली नाही. दुसऱ्या दिवशी चतकोर मोडला गेलाच, आणि रिकाम्या कोनाड्यात दोन दिवस वाळत पडला. तिसऱ्या दिवशी तिने तो उचलला, दारात एक मरतुकडं कुत्रं येऊन बसलं होतं त्याच्यापुढे टाकला, आणि म्हणाली, "देव खात नोयते, हा तं खाईन."

त्या दिवसापासून पहिला चतकोर कुत्र्याचा. नेम तोच राहिला, फक्त खाणारा बदलला.

त्याचा डावा कान मधोमध फाटलेला होता. पलीकडच्या गल्लीतल्या विहिरीच्या ओट्यावर ते चढलं, तेव्हा कुणीतरी छपरावरच्या कवेलूचा तुकडा फेकून मारला होता. त्या ओट्यावर आम्हालाही चढू देत नसत. फरक एवढाच की कुत्रं दुसऱ्या दिवशी पुन्हा चढलं आणि आम्ही चढलो नाही. मायला त्याचं भारी कौतुक. "त्याले लाज नाही अन् भेवही नाही," ती म्हणायची, "माणसाले असं जमत नाही."

मी तेव्हा एका साप्ताहिकाच्या छापखान्यात खिळे जुळवायचं काम करत होतो. सातवी पास होतो, अक्षर वळणदार होतं आणि हाताला कोरायची खोड होती. मेळघाटातून, सेमाडोहकडून आलेल्या सागाचे तुकडे वखारीत पडलेले असत. ते आणायचे, काचेने घासून गुळगुळीत करायचे आणि छत्रीच्या तारेच्या धारदार टोकाने कोरायचे. मालकांना वेलबुट्टी हवी असली, दिवाळीला पणती हवी असली की मी कोरून देई. मालक खादी घालत, समतेवर अग्रलेख लिहीत आणि मला अरे-तुरे करत. वाईट माणूस होता असं तेव्हा मला वाटलं नाही. आजही तसं पटकन म्हणता येत नाही, आणि त्याचाही मला राग येतो. सरळ दुष्ट असता तर मी वेळेवर सावध झालो असतो.

एका आठवड्यात शेवटच्या पानावरची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली. पानाच्या तळाशी आडवी जागा मोकळी पडली. मालक म्हणाले, काहीतरी भर. मी चार चौकोनी ठोकळे घेतले आणि घरचं कुत्रं कोरलं. कुत्रं सावली शोधतंय, बैलगाडीखाली बसतंय, गाडी निघून जातेय, कुत्रं उन्हात. बस, एवढंच. घाईत मी एक गाढवपणा केला. लाकडावर उलटं कोरावं लागतं, तेव्हा छाप सुलटा उमटतो. वेलबुट्टीला उलटं-सुलटं नसतं, त्यामुळे मला त्याची सवयच नव्हती. मी डावा कान डावीकडेच कोरला. मशीन चालवणारे चाचा पहिला कागद उचलून म्हणाले, "बेटा, कान तो इधर का उधर हो गया." पण पान बांधून झालं होतं. तसंच छापलं गेलं.

घरी माय तो अंक उजेडाला धरून बघत बसली. एकेका चौकोनावर बोट ठेवत गेली आणि बैलगाडी निघून गेली तिथे हसली. माझ्या जन्मात मी तिला कागदाकडे बघून हसताना पाहिलं नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं. घरी चिठ्ठी आली तरी ती पदराखाली धरून मी येईपर्यंत बसून राहायची. मग ती म्हणाली, "समदं बराबर हाय. पण आपल्याचा डावा कान फाटेल हाय. तू उजवा फाडला." अख्ख्या जिल्ह्यात ही चूक ओळखणारी ती एकटीच.

त्या दिवशी मी दोन गोष्टी ठरवल्या. कान आता उजवाच ठेवायचा, कारण लोकांनी तो तसा पाहिला होता. आणि या चौकोनांत एकही अक्षर घालायचं नाही. कारण सरळ होतं. हे असं छापील काही होतं जे माझी माय माझ्याशिवाय, कुणाच्या तोंडाकडे न बघता वाचू शकत होती.

ओबडधोबड म्हणे. सागाचे रेशे आडवे-उभे जातात, त्यात गोलाई निघत नाही, म्हणून माझ्या कुत्र्याच्या फासळ्या सरळ होत्या आणि पाय काडीसारखे. खऱ्या कुत्र्याच्याही फासळ्या दिसतच होत्या. लाकूड आणि भूक यांचं तिथे छान जमलं होतं. यात ओबडधोबड काय आहे, हे मला त्या लेखकाने समजावून सांगावं.

लोकांना कुत्रं आवडलं. कापसाच्या बाजारात ते कापसाच्या ढिगात झोपतं आणि पांढरं होऊन उठतं, मग त्याला कुणीच ओळखत नाही, ही पट्टी तर हॉटेलांत चिकटवलेली मी पाहिली. नळावर घागरींच्या दोन रांगा आहेत, मधे भरपूर अंतर आहे, कुत्रं या रांगेतल्या घागरीत तोंड घालतं आणि मग त्या रांगेतल्या, आणि कुणी काही बोलत नाही, हीसुद्धा छापली. मालक तेव्हा पाठ थोपटून म्हणाले, "टोला चांगला आहे." तिवस्याच्या गाडीचा ड्रायव्हर गठ्ठा उचलताना आधी शेवटचं पान उघडून बघायचा. अंजनगाव सुर्जीच्या लोकांनी पट्टीतल्या कुत्र्याला त्यांच्या गावातल्या एका कुत्र्याचं नाव दिलं, दुसऱ्या गावात दुसरं. ज्याच्या त्याच्या दारातलं ते कुत्रं होतं.

माय दर आठवड्याला पट्टी कापायची आणि ज्वारीच्या पिठाची खळ करून चुलीच्या वरच्या भिंतीवर चिकटवायची. एकाखाली एक, ओळी करून. वस्तीतल्या बाया आल्या की ती बोट फिरवत त्यांना वाचून दाखवायची. वाचून दाखवायची, हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आणि खरं कुत्रं दारात बसून चतकोराची वाट बघायचं.

साठ साल उलटल्यावर मालकांनी अकोल्याला मोठा छापखाना घातला आणि साप्ताहिकाचं दैनिक केलं. मशीनवाले चाचा आणि मी अकोल्याला गेलो. माय आली नाही. "मी गेली तं त्याले चतकोर कोन टाकीन?" म्हणाली. मी भाड्याची खोली घेतली, महिन्यातून एकदा बडनेऱ्याला गाडी बदलून घरी जायचो.

अकोल्यात ठोकळे संपले. मी कागदावर ब्रशने काढायचं, कागद नागपूरला जायचा, तिथून जस्ताचा ब्लॉक बनून यायचा. उलटं कोरायची कटकट गेली, जे काढलं तसंच छापलं जाऊ लागलं. ब्रशची रेघ लवचिक, फुगवावी तशी फुगते. कुत्र्याला मांस चढलं. हे दुसरं रूप माझंच आहे, त्याची मालकी मी नाकारत नाही. मला मजा येत होती. नवा ब्रश, नवी शाई, पंख्याखालचं टेबल. मालक मला आता कलाकार म्हणत आणि लोकांसमोर 'आमचा कलाकार' म्हणत. मला त्यातला 'आमचा' ऐकू यायला फार वर्षं लागली.

मग मालक म्हणाले, कुत्र्याने बोलायला हवं. दैनिकाचा वाचक शिकलेला असतो, त्याला शब्द लागतात. मी म्हटलं, "मालक, मुकं आहे तेच बरं, न शिकलेलेही बघतात." ते हसले. "न शिकलेले पेपर विकत घेतात का?" मी ब्रश उचलला. शेपूट घालणे हा कुत्र्याचा गुण आपण उगाच समजतो. त्या टेबलावर शेपूट मी घातलं, कागदावरच्या कुत्र्याने नाही.

शब्द मालक स्वतः लिहायचे. आमचं फाटक्या कानाचं, विहिरीवर चढणारं, वऱ्हाडातल्या मातीत लोळणारं कुत्रं 'अहो, बरं का' म्हणायला लागलं. 'इश्श' एकदा म्हणालं, तेही मी काढलंय. घरी गेलो तेव्हा मायने पट्टी पुढे केली. "हा काय बोलून राह्यला?" मी वाचून दाखवलं. "असं कोन बोलते?" मग तिने ती चिकटवली, पण बायांना दाखवताना आता चाचरायला लागली. तोंडातून निघालेल्या त्या फुग्यावर बोट ठेवून म्हणायची, "इथं काईतरी बोलते थो." पुढच्या खेपेला पाहिलं तर भिंतीवर नवी पट्टी नव्हती. ओळ जिथे तुटली होती तिथे शेणाने सारवलेली कोरी भिंत होती, आणि मी तिच्याखाली बसून जेवलो.

नंतर सगळं भराभर झालं. कुत्र्याला बंगला मिळाला, फाटक मिळालं, बंगल्यात दोन मुलं मिळाली. नाव मिळालं. गळ्यात पट्टा आला. एका दंतमंजनाच्या डब्यावर त्याला छापायचं ठरलं, तेव्हा मालक म्हणाले, "तो कान तेवढा नीट कर. फाटका कान डब्यावर बरा दिसत नाही." मी ब्रश शाईत बुडवला आणि एक रेघ ओढली. कान सांधला गेला. एका रेघेचं काम होतं. कवेलूचा तुकडा, विहीर, ओटा, सगळं एका रेघेखाली गेलं, आणि मी रेघ वाळायला कागद बाजूला ठेवून चहा प्यायला गेलो. त्या चहाचा राग मला अजून आहे.

मग ती मोळीवाली.

मालकांनी सकाळी चिठ्ठी पाठवली. बंगल्यावर मोळीवाली येते, कुत्रं भुंकतं, ती मोळी टाकून पळते, मुलं टाळ्या वाजवतात. शेवटचं वाक्य त्यांनी लिहून दिलं होतं. मी कुरकुर केली असेल, पाय आपटले असतील, असं तुम्हाला वाटत असेल. मीही पुष्कळ दिवस स्वतःला असंच सांगत होतो. खरं म्हणजे मी चिठ्ठी वाचली आणि विचार केला तो लाकडांचा. मोळी उधळते तेव्हा लाकडं हवेत कशी पसरतील, कोणतं पुढे, कोणतं मागे. डोक्यात तेवढंच होतं. आणि बाई काढायला घेतली तेव्हा हाताने दुसरी बाई काढलीच नाही. मोळी डोक्यावर घेतलेली एकच बाई त्याने आयुष्यभर पाहिली होती. डाव्या हाताने मोळीला आधार, उजवा हात कमरेवर, लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं, डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या फडक्याची चुंबळ आणि तिचं एक टोक डाव्या कानावर लोंबतंय. काढताना मला कळलंसुद्धा नाही. शपथ कुणाची घ्यायची आता, पण नाही कळलं. पट्टी झाली. उत्तम झाली. त्या स्मरणिकेतला माणूस मूर्ख नाही, ती खरंच माझी सर्वांत चांगली पट्टी आहे, आणि म्हणूनच मला जास्त चीड येते.

पंधरा-वीस दिवसांनी मी अमरावतीला गेलो. दुपारची वेळ होती. माय एरवी त्या वेळी घरी नसायची. ती दाराशी भिंतीला टेकून बसली होती, डावा पाय सरळ पसरलेला, गुडघ्यावर हळदीचं फडकं. कुत्रं तिच्या पायाशी होतं. म्हातारं झालं होतं, तोंडावरचे केस पांढरे, कान तसाच फाटका.

"काय झालं?" मी विचारलं.

"पडली," ती म्हणाली.

"कशी?"

तिने पेटीकडे पाहिलं. उठायला गेली, उठता येईना, मग मलाच म्हणाली, पेटीतला कागद काढ. पेटीत तिच्या लुगड्याच्या घडीखाली तो अंक होता. चौकातल्या हॉटेलवाल्याकडून मागवून घेतला होता. तिने तो मांडीवर पसरला आणि बोट ठेवलं. फुग्यांना बोट लावलंच नाही. बाई, कुत्रं, लाकडं, टाळ्या. चारही चौकोन तिने नीट वाचले. मग सांगितलं.

ती ज्या गल्लीत वर्षानुवर्षं मोळी विकत होती, तिथल्या एका घरी मोठं कुत्रं होतं, साखळीला बांधलेलं. ओट्यावर पोरं पेपर घेऊन बसली होती. तिला येताना पाहून एक पोरगं म्हणालं, पाहा पाहा, पेपरातली आली. दुसऱ्याने साखळी सोडली. "छू म्हने," माय सांगत होती. "पाठीमांगं लागला थो. मी मोयी टाकली अन् पयाली. नाल्याजोळ पडली." मग म्हणाली, "पोट्टे टाया वाजोत होते. असेच." आणि तिने चौथ्या चौकोनावर बोट टेकवलं.

आणि मी खोटं बोललो. म्हणालो, "माय, ती तू नव्हे. उगाच कुणीतरी बाई काढली."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. रागावली असती तर मी वाचलो असतो. तिने पाठीमागची चुंबळ ओढून काढली, तेच पट्ट्यांचं फडकं, आणि चित्राशेजारी ठेवली.

"पयले तुया हातून कान उलटा निंघे," ती म्हणाली. "आता समदं बराबर निंघते."

ती कागदातल्या कुत्र्याकडे बघत होती. त्या गोल, पट्टा घातलेल्या, दोन्ही कान धड असलेल्या कुत्र्याला ती ओळखत होती. बाकी वऱ्हाडाला ते कुणा बंगल्यातलं वाटत असेल, तिला ठाऊक होतं की हेच ते. तिने पायाशी झोपलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "यानं मले कदी भुंकलं नाही. मंग थो काहून भुंकते? तू त्याले काहून शिकवलं?"

मालकांना शिव्या देऊन बघितलं, जमत नाही. चिठ्ठी त्यांची होती, हात माझा होता.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन मी मालकांना सांगितलं की यापुढे मी हे कुत्रं काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. माय पडली तेही सांगितलं. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी घरून औषधाची बाटली मागवून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "पण कुत्रा आता पेपरचा आहे. तुझा एकट्याचा कसा म्हणता येईल?" मी बाटली टेबलावर ठेवली आणि निघालो. चाचा गेटपर्यंत आले, खांद्यावर हात ठेवला.

आठवड्याभरात दुसऱ्या कुणाच्या हातचं कुत्रं छापून आलं. दोन पायांवर उभं, पोट आणखी गोल. एकाही वाचकाने पत्र पाठवून विचारलं नाही की हात बदलला का. स्मरणिकेतलं पाचवं रूप ते. तीच म्हणे उत्क्रांतीची परिसीमा.

मी अमरावतीला परतलो, दुसऱ्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचे खिळे जुळवले, आणि त्यातच आयुष्य गेलं. मायचा गुडघा शेवटपर्यंत पुरता वाकला नाही. तिने मोळी पुन्हा डोक्यावर घेतली नाही. एकदा मी सागाचा ठोकळा काढला, नीट उलटा कोरला, डावा कान फाडला आणि छाप काढून तिच्या हातात दिला. तिने फाटक्या कानावर बोट ठेवलं. "आता बराबर हाय," म्हणाली. पण भिंतीवर चिकटवला नाही. पेटीत ठेवला, त्या अंकाच्या खाली. ती गेली तेव्हा दोन्ही कागद मला तिथेच सापडले.

खरं कुत्रं तिच्या आधी चार-पाच वर्षं गेलं. त्यानंतरही ती पहिल्या भाकरीचा चतकोर मोडायची, आणि दारात जे कुणी बसलेलं असेल त्याच्यापुढे टाकायची.

तर स्मरणिका काढणाऱ्यांना माझं म्हणणं एवढंच आहे. माझं नाव नका छापू. पाच कुत्री ज्या क्रमाने लावलीत त्याच क्रमाने राहू द्या, सुबक कोणतं आणि ओबडधोबड कोणतं हेही तुम्हीच ठरवा. पण पुन्हा कधी ती मोळीवालीची पट्टी छापलीत, तर तिच्याखाली एक ओळ घाला. ही बाई चित्र काढणाऱ्याची माय आहे, आणि हे कुत्रं तिच्या हातची भाकर खाऊन मोठं झालंय.